‘तलवार’वरील मागणीपत्रक : १९४६ चा नाविकांचा संप आणि सैनिकाच्या संघटनाहक्काचा प्रश्न

कारखान्यातील कामगारांनी वेतनवाढीसाठी एकत्र येऊन काम थांबवले तर कायदा त्या कृतीला संप म्हणतो आणि तो वैध की अवैध हे ठरवण्याचे निकष घालून देतो. तीच कृती गणवेशातील माणसांनी केली तर ती बंड ठरते आणि बहुतेक देशांच्या सैनिकी कायद्यांत बंडासाठी सर्वांत कठोर शिक्षा राखून ठेवलेली असते. वेतन, अन्न, रजा, कुटुंबाचा भत्ता आणि सेवा संपल्यानंतरची सोय हे प्रश्न कामगाराला जसे पडतात तसेच ते सैनिकालाही पडतात, परंतु ते इतरांच्या बरोबरीने मांडण्याची वाट एकाला खुली आणि दुसऱ्याला बंद असते. मुंबई बंदरात फेब्रुवारी १९४६ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीच्या नाविकांनी जे केले त्याचे वर्णन सामान्यतः स्वातंत्र्यलढ्याच्या अखेरच्या पर्वातील एक उठाव असे केले जाते. हे वर्णन चुकीचे नाही, मात्र ते अपुरे आहे. कारण त्या नाविकांनी लिहून काढलेल्या मागण्यांतील निम्म्याहून अधिक मागण्या वेतन, भत्ते, अन्न, कपडे आणि नोकरीतून मुक्तता यांविषयीच्या होत्या, आणि त्या मांडण्यासाठी त्यांनी जी यंत्रणा उभी केली तिचे नावच मुळी ‘मध्यवर्ती संप समिती’ असे होते. त्या मागण्यांपैकी राजकीय मागण्यांचा निकाल पुढच्या दीड वर्षात लागला. संघटित आवाजाच्या प्रश्नाचे मात्र वेगळेच झाले.

ब्रिटिश आरमाराचा वारसा

भारतीय नाविक ज्या शिस्तीखाली वावरत होते ती ब्रिटिश आरमाराकडून आलेली होती, आणि वेतनासाठी सामूहिकपणे अडून बसण्याची परंपराही त्याच आरमारात जुनी होती. एप्रिल १७९७ मध्ये पोर्ट्समथजवळच्या स्पिटहेड येथील ताफ्यातील नाविकांनी नांगर उचलण्यास नकार दिला, कारण त्यांचे वेतन दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून वाढलेले नव्हते. प्रत्येक मोठ्या जहाजातून दोन प्रतिनिधी निवडून त्यांनी आपले म्हणणे मांडले, शत्रूचा ताफा समुद्रात दिसला तर आपण लढायला निघू असे बजावले आणि शिस्तही राखली. परिणामी सरकारने वेतनवाढ मान्य केली आणि राजाने सर्वांना माफी दिली. थेम्सच्या मुखाजवळील नोर येथे त्याच वर्षी झालेला दुसरा उठाव मात्र मोडून काढण्यात आला आणि त्याचा पुढारी रिचर्ड पार्कर याला फाशी देण्यात आली. सैनिकाला किंवा नाविकाला कर्तव्यापासून परावृत्त करणाऱ्या बाहेरच्या व्यक्तीलाही जबर शिक्षा देणारा कायदा पार्लमेंटने त्याच वर्षी संमत केला. वेतनाची मागणी शक्य तर मान्य करायची, पण ती मागण्यासाठी उभी राहिलेली संघटना टिकू द्यायची नाही, हे धोरण तेव्हापासूनच दिसू लागते.

हेच धोरण विसाव्या शतकातही कायम राहिले. पहिल्या महायुद्धानंतर अॅडमिरल जेरम यांच्या समितीने कनिष्ठ नाविकांचे म्हणणे ऐकून १९१९ मध्ये वेतनात मोठी वाढ सुचवली. पुढे १९२५ पासून नव्याने भरती होणाऱ्यांसाठी मात्र कमी दराची श्रेणी लागू झाली, त्यामुळे एकाच डेकवर एकच काम करणाऱ्यांना दोन दरांनी पगार मिळू लागला. जागतिक मंदीच्या काळात, सप्टेंबर १९३१ मध्ये, रॅम्से मॅकडोनल्ड यांच्या राष्ट्रीय सरकारने सरकारी खर्चात कपात जाहीर केली. तिच्यामुळे जुन्या श्रेणीतील कुशल नाविकाचे रोजचे चार शिलिंग तीनवर येणार होते, म्हणजे त्याच्या वेतनात पंचवीस टक्के घट होणार होती, तर अधिकाऱ्यांची कपात याहून बरीच कमी होती. स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन येथे नांगरलेल्या अटलांटिक ताफ्यातील हजारो नाविकांना ही बातमी वरिष्ठांकडून नीट कळण्याआधी वर्तमानपत्रांतून कळली. त्यांनी किनाऱ्यावरील उपाहारगृहात सभा घेतल्या आणि १५ व १६ सप्टेंबरला ‘हूड’, ‘रॉडनी’, ‘व्हॅलिअंट’ यांसारखी जहाजे समुद्रात नेण्यास नकार दिला. लंडनच्या शेअरबाजाराला त्याचा हादरा बसला आणि काही दिवसांतच ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले. सरकारने कपात दहा टक्क्यांवर आणली, मात्र पुढाकार घेतलेल्यांना पुढील महिन्यांत सेवेतून काढून टाकले. मुंबईतील संपकऱ्यांना हा इतिहास तपशिलाने माहीत असो वा नसो, त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना तो पक्का माहीत होता.

युद्धाने वाढवलेले नौदल

रॉयल इंडियन मरीन या जुन्या दलाचे २ ऑक्टोबर १९३४ रोजी रॉयल इंडियन नेव्ही असे नामांतर झाले आणि त्याच वर्षीच्या इंडियन नेव्ही (डिसिप्लिन) कायद्याने ब्रिटिश आरमाराचा शिस्तीचा कायदा काही फेरबदलांसह त्याला लागू झाला. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा या दलाची संख्या दोन हजारांच्या आतबाहेर होती; युद्ध संपताना ती पंचवीस हजारांच्या आसपास पोहोचली होती. जुन्या दलात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील दर्यावर्दी घराण्यांतील माणसे आणि पंजाबी मुसलमान यांचा भरणा होता व नोकरी बापाकडून मुलाकडे चालत येत असे. युद्धकाळात भरती झालेला तरुण वेगळा होता. बिनतारी संदेश, रडार, तोफखाना आणि यंत्रशाळा यांसाठी इंग्रजी जाणणारी, शाळेत शिकलेली मुले हवी होती, ती बंगाल, मद्रास, पंजाब, संयुक्त प्रांत आणि महाराष्ट्र अशा सर्व भागांतून आली, आणि भरतीच्या जाहिरातींनी त्यांना चांगला पगार, बढती आणि युद्धानंतर सुरक्षित भविष्य यांची आशा दाखवली.

प्रत्यक्षात या ‘रेटिंग’ना, म्हणजे अधिकारपद नसलेल्या नाविकांना, ब्रिटिश आरमारातील त्याच दर्जाच्या नाविकापेक्षा खूपच कमी वेतन मिळत असे, कुटुंबभत्ता, प्रवासाच्या सवलती आणि कँटीनमधील सोयी यांतही अशीच दरी होती. ही तुलना कोणी पुस्तकातून शिकवलेली नव्हती. भारतीय आणि ब्रिटिश नाविक एकाच समुद्रात, एकाच शत्रूशी आणि जवळजवळ एकाच शिस्तीच्या कायद्याखाली लढले होते, त्यामुळे महिन्याच्या शेवटी दोघांच्या हातात काय पडते हे एकमेकांना दिसत होते. डाळीत खडे, भातात किडे आणि वर अधिकाऱ्यांच्या तोंडची वर्णद्वेषी शिवीगाळ, अशी रोजची स्थिती होती. युद्ध चालू असतानाच, १९४२ ते १९४५ या काळात, या दलात नऊ लहान उठाव झाले होते. ते प्रत्येक वेळी त्या त्या जहाजापुरते किंवा तळापुरते मिटवले गेले आणि त्यांमागचे समान कारण शोधण्याचे काम कोणी केले नाही. युद्ध संपताच दलकपातीला सुरुवात झाली, आणि ज्यांना घरी पाठवायचे त्यांच्यासाठी नोकऱ्यांची सोय नव्हती. उलट, सुटताना गणवेशाचे कपडे परत करावेत असा नियम मात्र होता.

तक्रार करण्याची अधिकृत वाट अस्तित्वात होती, पण ती एकट्याने चालायची वाट होती. नाविकाने आपली वैयक्तिक गाऱ्हाणी आपल्या विभागाच्या अधिकाऱ्यापुढे मांडावीत, तेथे समाधान झाले नाही तर ती क्रमाने वर जावीत, असा नियम होता. दोघांनी किंवा अधिकांनी मिळून एक तक्रार करणे हाच मुळी शिस्तभंग होता. त्यामुळे शंभर माणसांची एकच व्यथा असली तरी ती शंभर सुट्या अर्जांच्या रूपानेच वर जाऊ शकत होती, आणि ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार असे त्याच्याच टेबलावरून तिला पुढे जावे लागत असे.

पाच दिवस

कुलाब्यातील ‘तलवार’ हे जहाज नव्हते. किनाऱ्यावरील नौदल तळांनाही जहाजाप्रमाणे नाव देण्याची ब्रिटिश पद्धत होती, आणि ‘तलवार’ हे संदेशवहनाचे प्रशिक्षण देणारे केंद्र होते. तेथील नाविक अधिक शिकलेले होते, आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात चाललेल्या खटल्याच्या बातम्या ते वाचत होते, आणि त्यांच्यातील एका गटाने १ डिसेंबर १९४५ च्या नौदल दिनाला तळाच्या भिंती ब्रिटिशविरोधी घोषणांनी रंगवल्या होत्या. सरसेनापती ऑकिन्लेक यांच्या भेटीच्या वेळी, फेब्रुवारी १९४६ च्या आरंभी, पुन्हा घोषणा दिसल्या आणि बलाईचंद दत्त या टेलिग्राफिस्टला अटक झाली. तळाचे प्रमुख कमांडर किंग यांनी ८ फेब्रुवारीला नाविकांना उद्देशून अत्यंत अपमानकारक शब्द वापरले. सामूहिक तक्रारीला बंदी असल्यामुळे चौदा नाविकांनी त्याबद्दल वेगवेगळ्या तक्रारी दिल्या. त्यांचा निकाल लावण्याऐवजी खोटी तक्रार केल्यास काय परिणाम होतील याची जाणीव त्यांना करून देण्यात आली. एकट्याने चालायची वाट कोठे जाऊन संपते हे त्या नाविकांना अशा रीतीने नियमांचे पालन करूनच कळले.

१८ फेब्रुवारीच्या सकाळी ‘तलवार’वरील नाविकांनी जेवण आणि काम दोन्ही नाकारले. बातमी बिनतारी यंत्रांनीच पसरली, कारण संदेशयंत्रणा ज्यांच्या हातात होती तेच संपावर होते. दुसऱ्या दिवशी मुंबई बंदरातील जहाजे, फोर्टमधील कॅसल बरॅक्स आणि ठाण्याजवळ कोलशेत येथील ‘अकबर’सारखे तळ संपात आले, नाविकांच्या गाड्या घोषणा देत फोर्ट भागातून फिरल्या आणि जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकत्र चढले. त्याच दिवशी ‘तलवार’वर मध्यवर्ती संप समिती निवडली गेली, एम. एस. खान हे अध्यक्ष आणि मदन सिंग हे उपाध्यक्ष झाले, म्हणजे एक मुसलमान आणि एक शीख. संप शिगेला पोहोचला तेव्हा सुमारे ७८ जहाजे, २० किनारी तळ आणि २०,००० नाविक त्यात सामील होते, असा अंदाज दिला जातो.

समितीचे मागणीपत्रक या घटनेचा गाभा आहे. कोणावरही सूडाची कारवाई होऊ नये, कमांडर किंग यांच्यावर कारवाई व्हावी, अन्न चांगल्या प्रतीचे मिळावे, वेतन, कुटुंबभत्ता, प्रवास आणि कँटीनच्या सोयी ब्रिटिश आरमाराच्या दराने मिळाव्यात, दलातून मुक्तता लवकर व्हावी आणि त्या वेळी पुरेसे अनुदान मिळावे, कपडे परत मागू नयेत, या मागण्या त्यात होत्या. आणि त्यांच्याच जोडीला आझाद हिंद फौजेच्या सैनिकांसह सर्व राजकीय कैद्यांची मुक्तता, तसेच इंडोनेशिया आणि मध्यपूर्वेतून भारतीय सैन्य परत बोलावणे याही मागण्या होत्या. या दोन प्रकारांत नाविकांना विसंगती दिसत नव्हती, आणि ती खरोखर नव्हतीही. कमी वेतन, शिवीगाळ आणि डच वसाहत परत मिळवून देण्यासाठी भारतीय सैनिकांचा वापर या तिन्ही गोष्टींचे मूळ एकाच सत्तेत होते. तरीही मागण्यांची मांडणी पाहिली तर ती एखाद्या कामगार संघटनेने मालकाला दिलेल्या मागणीपत्रकासारखी आहे. समिती वाटाघाटी करू पाहत होती, सत्ता घेऊ पाहत नव्हती.

यासंदर्भात आणखी एक घटना लक्षात घेण्यासारखी आहे. जानेवारी १९४६ मध्ये कराचीजवळच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाई दलाच्याच सैनिकांनी, घरी पाठवण्यास होणाऱ्या विलंबाविरुद्ध काम थांबवले होते आणि तो संप भारतातील अनेक तळांवर, पुढे श्रीलंका आणि सिंगापूरपर्यंत पसरला होता. त्या संपकऱ्यांशी सुरुवातीला बोलणी झाली, त्यांच्यावर तोफा रोखल्या गेल्या नाहीत. ब्रिटिश हवाई सैनिकांना एका महिन्यापूर्वी जी वागणूक मिळाली तिच्याशी मुंबईतील नाविकांना मिळालेली वागणूक ताडून पाहिली तर साम्राज्याच्या नजरेत दोघांच्या तक्रारींचे मोल किती वेगळे होते हे कळते.

२१ फेब्रुवारीला कॅसल बरॅक्सभोवती सैन्याचा वेढा पडला. वेढ्यात प्रथम मराठा पलटणीचे जवान होते आणि पुढे ब्रिटिश सैनिक आणले गेले. नाविकांनी बाहेर पडण्याचा प्रयत्न करताच गोळीबार झाला, आतूनही प्रत्युत्तर मिळाले आणि चकमक काही तास चालली. त्या दिवशी नौदलप्रमुख व्हाइस अॅडमिरल गॉडफ्रे यांनी नभोवाणीवरून इशारा दिला की सरकारकडे प्रचंड बळ असून, ज्या नौदलाचा अभिमान वाटतो ते नष्ट झाले तरी चालेल, पण ते बळ वापरले जाईल. गेटवे ऑफ इंडियाजवळ सामान्य मुंबईकर अन्नाची पुडकी घेऊन येत होते आणि नाविक ती होड्यांतून जहाजांवर नेत होते. कराचीत २२ तारखेला ‘हिंदुस्तान’ या जहाजावर तोफांचा मारा करून ते शरण आणले गेले.

मुंबईत २२ फेब्रुवारीला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवर सार्वत्रिक हरताळ झाला. अरुणा असफ अली यांच्यासारख्या समाजवादी नेत्यांनी नाविकांना उघड पाठिंबा दिला होता. गिरण्या बंद पडल्या, लालबाग आणि परळ भागांत रस्त्यांवर अडथळे उभे राहिले, आणि सैन्य व पोलीस यांच्या गोळीबारात परळच्या महिला कार्यकर्त्या कमल दोंदे यांच्यासह शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. सरकारी आकड्यांनुसार २२८ नागरिक ठार आणि १,०४६ जखमी झाले. वेतन आणि मानासाठी सुरू झालेल्या नाविकांच्या संपाची सर्वांत मोठी किंमत गिरणगावाने मोजली, ही गोष्ट या घटनेच्या अनेक वर्णनांत मागे पडते.

काँग्रेस आणि लीग या दोन्ही पक्षांचे वरिष्ठ नेते संपाच्या बाजूने नव्हते. ब्रिटिश मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ भारतात येणार असल्याची घोषणा १९ फेब्रुवारीलाच झाली होती आणि सत्तांतराची बोलणी समोर दिसत होती. मुंबईत असलेल्या वल्लभभाई पटेलांनी नाविकांना शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला आणि सूडबुद्धीने शिक्षा होऊ नयेत यासाठी काँग्रेस प्रयत्न करील असे सांगितले. जिना यांनीही विशेषतः मुस्लिम नाविकांना शरण जाण्याचे आवाहन केले. पटेलांनी त्यानंतर आठवड्याभरात एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रातील भूमिका स्पष्ट होती: सैन्याच्या शिस्तीला हात लावता येणार नाही, कारण स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणार आहे. संप समितीने २२ तारखेची रात्र चर्चेत काढली आणि २३ फेब्रुवारीच्या सकाळी शरणागतीचे काळे झेंडे चढवले. आपण ब्रिटनला नव्हे, भारताला शरण जात आहोत, असे समितीने जाहीर केले.

चौकशी आणि तिची फलिते

नेत्यांच्या आश्वासनानंतरही अटका झाल्या, अनेक नाविकांना मुलुंडच्या छावणीत डांबण्यात आले, काहींवर लष्करी न्यायालयात खटले चालले आणि पावणेपाचशेच्या आसपास माणसांना नौदलातून काढून टाकण्यात आले. बाहेर संपाचे पडसाद थांबले नव्हते. २७ फेब्रुवारीला जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील सैनिक छावणीबाहेर पडले आणि त्यांच्याही मागण्यांत वेतन आणि अन्न यांना जागा होती.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फझल अली होते. न्यायाधीश मेहरचंद महाजन आणि कृष्णस्वामी अय्यंगार यांच्यासह नौदल व लष्कर यांचे एकेक वरिष्ठ ब्रिटिश अधिकारीही सदस्य होते. महाराष्ट्राला फझल अली हे नाव राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष म्हणून अधिक परिचित आहे. आयोगाने बाहेरून झालेल्या राजकीय प्रचाराची दखल घेतली, परंतु उठावाचे मूळ त्याने दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या गाऱ्हाण्यांत दाखवले: भरतीच्या वेळी दिलेली फसवी आश्वासने, वेतन आणि सवलतींतील भेद, निकृष्ट अन्न, दलमुक्तीची ढिसाळ व्यवस्था, अनुभव नसलेले अधिकारी आणि वर्णद्वेष. तक्रार वर पोहोचण्याची यंत्रणा निकामी झाली होती, ही या निष्कर्षांमागची समान बाब होती.

तरीही आयोगाच्या निष्कर्षांतून नाविकांना प्रतिनिधित्व मिळाले नाही. सशस्त्र दलांसाठी १९४७ मध्ये नवी वेतनसंहिता आली आणि सत्तांतरानंतर ब्रिटिश व भारतीय नाविकांमधील भेदाचा प्रश्नच निकालात निघाला. ज्यांनी हे प्रश्न उपस्थित केले होते त्यांना मात्र स्वतंत्र भारताच्या किंवा पाकिस्तानच्या नौदलाने परत घेतले नाही. बऱ्याच वर्षांनी भारत सरकारने या संपातील सहभागाला स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी मान्यता दिली. म्हणजे त्यांचे राजकीय कार्य मान्य झाले, पण नाविक म्हणून त्यांनी केलेली संघटना अमान्यच राहिली. १७९७ चे धोरण अशा रीतीने राज्यकर्ते बदलल्यानंतरही टिकले.

अनुच्छेद ३३ ची भिंत

संविधान सभेने संघटना स्थापण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला आणि त्याच वेळी अनुच्छेद ३३ द्वारे संसदेला असा अधिकार दिला की, सशस्त्र दले आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्या बाबतीत, कर्तव्यपालन आणि शिस्त यांसाठी मूलभूत हक्क मर्यादित किंवा रद्द करता यावेत. या तरतुदीवर, तेव्हा मसुद्यात तिचा क्रमांक २६ होता, डिसेंबर १९४८ मध्ये फारशी चर्चा झाली नाही. मुंबईच्या संपाला तोवर तीन वर्षेही झाली नव्हती. लष्कर कायदा, १९५० च्या कलम २१ ने केंद्र सरकारला सैनिकाच्या कामगार संघटनेच्या सदस्यत्वावर, सभेत भाग घेण्यावर आणि वर्तमानपत्रांशी संपर्क ठेवण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला, आणि १९५४ च्या नियमांनी ते निर्बंध प्रत्यक्षात आणले. हवाई दलाच्या १९५० च्या आणि नौदलाच्या १९५७ च्या कायद्यांतही तशाच तरतुदी आहेत. तक्रारीची वाट पुन्हा तीच, एकट्याची राहिली: लष्कर कायद्याच्या कलम २६ नुसार सैनिकाने आपले गाऱ्हाणे कंपनी कमांडरपुढे मांडायचे आणि तेथून ते वर न्यायचे.

ही भिंत गणवेशाबाहेरही पसरली. लष्करी आस्थापनांतील स्वयंपाकी, न्हावी, चौकीदार यांसारखे नागरी नोकर लढाऊ नसले तरी सशस्त्र दलांचाच अविभाज्य भाग आहेत आणि म्हणून त्यांच्या संघटनेवरही बंधने घालता येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकात अच्युदन नायर प्रकरणात दिला. पोलिसांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याखाली संघटनेला मान्यता मिळू शकत होती, परंतु मुंबई पोलिसांच्या संघटनेचा ऑगस्ट १९८२ मधील संप सैन्य बोलावून मोडण्यात आला आणि तिची मान्यता गेली. संसदेने १९८४ मध्ये, पन्नासाव्या घटनादुरुस्तीने, अनुच्छेद ३३ ची व्याप्ती गुप्तवार्ता आणि दूरसंचार यंत्रणांतील कर्मचाऱ्यांपर्यंत वाढवली.

याच्या अगदी शेजारी एक वेगळे जग होते. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ आणि अंबाझरी येथील दारूगोळ्याच्या व शस्त्रांच्या कारखान्यांतील नागरी कामगारांना संघटनेचा हक्क होता; त्यांच्या अखिल भारतीय महासंघाचे नेतृत्व एस. एम. जोशी यांनी केले आणि त्या महासंघाचे खडकीतील कार्यालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. या कामगारांना १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणेत, म्हणजे सरकार आणि कर्मचारी यांच्या समोरासमोरच्या वाटाघाटींच्या मंचावर, जागा मिळाली. तोफगोळा बनवणाऱ्याचा प्रतिनिधी वेतनाच्या चर्चेला बसत होता, तो गोळा डागणाऱ्याचा नव्हता. कामगारांचा हा हक्कही पुढे संकुचित झाला: हे कारखाने चालवणारे मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्याच्या निर्णयाला विरोध होत असताना, २०२१ च्या अत्यावश्यक संरक्षण सेवा कायद्याने सरकारला तेथील संपांना मनाई करण्याचा अधिकार दिला.

वेतन आयोग, सेनाप्रमुख आणि माजी सैनिक

संघटनेऐवजी सैनिकाला जे मिळाले ते वेतन आयोग. पहिले दोन केंद्रीय वेतन आयोग नागरी कर्मचाऱ्यांपुरते होते आणि सैनिकांचे वेतन स्वतंत्र समित्या ठरवत असत. १९७३ मध्ये अहवाल देणाऱ्या तिसऱ्या आयोगापासून सशस्त्र दलांचा समावेश त्यांच्यात झाला. या व्यवस्थेत सैनिकाच्या वतीने निवेदन तयार करतात ते त्याचे वरिष्ठ आणि दलाची मुख्यालये. याचा परिणाम असा झाला की वेतनाचे वाद थेट सेनाप्रमुखांच्या पातळीवर उघड होऊ लागले. सहाव्या आयोगानंतर २००८ मध्ये तिन्ही दलांच्या प्रमुखांनी सुधारित वेतनाची अंमलबजावणी रोखून धरली, आणि सातव्या आयोगानंतर २०१६ मध्येही त्यांनी विसंगती दूर होईपर्यंत ती थांबवण्याची विनंती केली. कनिष्ठांच्या संघटनेमुळे नागरी सत्तेपुढे दबाव उभा राहील या भीतीने संघटना नाकारली गेली होती, आणि वेतनाच्या प्रश्नावर तोच दबाव सर्वोच्च सेनाधिकाऱ्यांकडून आला.

संघटित आवाजाची दुसरी वाट गणवेश उतरवल्यानंतर खुली होते. समान पद आणि समान सेवाकाळ असलेल्यांना, ते कधीही निवृत्त झाले असले तरी, समान निवृत्तिवेतन मिळावे या ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ मागणीसाठी माजी सैनिकांनी पदके परत केली, न्यायालयात धाव घेतली आणि जून २०१५ पासून दिल्लीच्या जंतरमंतरवर धरणे धरले. सरकारने ५ सप्टेंबर २०१५ रोजी योजना जाहीर केली आणि ती १ जुलै २०१४ पासून लागू केली. सेवेतील सैनिकांच्या भविष्याशी निगडित असलेला हा लढा त्यांच्या वतीने निवृत्तांना लढावा लागला. वैयक्तिक गाऱ्हाण्यांसाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले ही महत्त्वाची सुधारणा होती, मात्र तेथेही सैनिक एकटाच उभा राहतो.

जगभर हीच व्यवस्था नाही. जर्मनीत सैनिकांची संघटना १९५६ पासून काम करते, नेदरलँड्समध्ये सक्तीच्या भरतीतील सैनिकांनी १९६६ मध्ये संघटना उभारली, आणि आयर्लंडमध्ये सैनिकांच्या पत्नींनी वेतनासाठी केलेल्या आंदोलनानंतर १९९० च्या कायद्याने सैनिकांना प्रतिनिधी संघटना मिळाली. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९९ मध्ये सैनिकांवरील संघटनाबंदी घटनाबाह्य ठरवली, तर अमेरिकेने १९७८ मध्ये नेमकी उलट दिशा घेऊन तशी बंदी कायद्यात घातली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा संघटनास्वातंत्र्याविषयीचा १९४८ चा करार हा निर्णय प्रत्येक देशावर सोडतो, आणि भारताने तो करार स्वीकारलेलाच नाही. प्रतिनिधित्व देणाऱ्या देशांतही सैनिकाला संपाचा हक्क सामान्यतः नसतो. तेथे संघटनेचा हक्क आणि संपाचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या केल्या गेल्या आहेत.

भारतीय कायद्याने मात्र या दोन्ही गोष्टी एकच मानल्या. सीमेवर तैनात दलाने काम थांबवणे कोणत्याही राज्याला परवडणारे नाही, आणि सैन्याच्या शिस्तीविषयीचे पटेलांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे होते. परंतु फझल अली आयोगासमोर आलेला पुरावा असे सांगत होता की संप संघटनेमुळे झाला नाही, तो संघटित बोलण्याची वाट नसल्यामुळे झाला, आणि समिती निवडली गेली ती काम थांबल्यानंतर. स्वतंत्र भारताने ‘तलवार’वरील नाविकांच्या मागणीपत्रकातील वेतनाचा भाग टप्प्याटप्प्याने मान्य केला, पण तो मांडणाऱ्या संघटित आवाजाची वाट कायद्याने बंद केली. संपाचा हक्क नसलेली, पण वेतन आयोगासमोर जवान आणि नाविक यांच्या वतीने बोलण्याचा कायदेशीर अधिकार असलेली, त्यांनीच निवडलेली प्रतिनिधी यंत्रणा निर्माण करणे संसदेला अनुच्छेद ३३ मुळे कधीच अशक्य नव्हते; तो अनुच्छेद हक्क मर्यादित करण्याची मुभा देतो, तो नाकारण्याची सक्ती करत नाही.